बाल्टिमोर, काउंटी कॉर्क: बंदराच्या डोक्यावर किल्ला, तरी गाव लुटलं कसं गेलं?

तांडेल२७

आयर्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात बाल्टिमोर नावाचं छोटं मासेमारी बंदर आहे. धक्क्याच्या अगदी वर, खडकावर ओड्रिस्कॉल घराण्याचा डून ना शेड हा किल्ला. तरीही २० जून १६३१ च्या रात्री अल्जिअर्सच्या चाच्यांनी याच गावातून १०७ माणसं उचलून नेली. जाणकारांना चार गोष्टी विचारायच्या आहेत.

१) किल्ल्याचे फोटो आणि आराखडा पाहिला. बुरुजांची रांग नाही, समुद्राकडे तोफांचा मोर्चा नाही. मग हा किल्ला नक्की कशासाठी होता?
२) ओड्रिस्कॉल मासेमारांकडून कर घेत, एवढंच सगळीकडे लिहिलेलं असतं. तो किती आणि कशाच्या रूपात?
३) त्या काळच्या वर्णनांत 'फिश पॅलेस' असा शब्द येतो. तिथे काम कसं चालायचं?
४) १६३१ नंतर गाव ओस पडलं म्हणतात. मग पुढे तिथे रेल्वे कशी काय आली?

चाच्यांची रंजक गोष्ट चिकार ठिकाणी वाचून झाली आहे. बंदर चालायचं कसं, ते सांगा.

जंगी_ते_जंगी

पहिल्या प्रश्नाचं उत्तर गावाच्या नावातच आहे. बाल्टिमोर हे आयरिश 'बॅल्या अन टी वोर'चं इंग्रजी रूप. अर्थ 'मोठ्या घराचं गाव'. किल्ल्याचं गाव नाही, घराचं गाव. 'किल्ला' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जलदुर्ग येतो आणि तिथेच घोटाळा होतो. डून ना शेड ही गढी आहे. लांबट दुमजली इमारत, उतरतं छप्पर, वरच्या मजल्यावर मुख्य दालन आणि लगतचं आवार वेढणारी भिंत. त्या भिंतीचा उपयोग रात्री गुरं आत घ्यायला आणि शेजारच्या घराण्याची धाड अडवायला. जाड भिंती नि अरुंद जंग्या (मारा करायची भोकं) पन्नास-शंभर माणसांना दिवसभर रोखू शकत होत्या. बंदराच्या तोंडाशी आलेलं जहाज रोखणं हे तिचं कामच नव्हतं.

जागेवर पहिलं बांधकाम १२१५ च्या सुमाराला अँग्लो-नॉर्मन लोकांनी केलं, म्हणून काही ठिकाणी 'तेराव्या शतकातला किल्ला' असं ठोकून देतात. आज दिसते ती इमारत त्यानंतरची आहे आणि तिचं छप्पर तर आत्ताचं. १९९७ ते २००५ या काळात पडक्या भिंतींवर जीर्णोद्धार झाला. फोटोवरून निष्कर्ष काढताना हे लक्षात ठेवा.

आता नकाशा उघडा. पश्चिमेला शेर्किन बेट आडवं पडलेलं आहे, त्यामुळे अटलांटिकची लाट थेट आत येत नाही. दक्षिणेचं तोंड अरुंद. उत्तरेकडून आयलेन नदी येते, पण त्या बाजूची वाट खडक आणि छोट्या बेटांमधून जाते, वाटाड्याशिवाय कोणी शिरत नसे. म्हणजे आत शांत पाणी, बाहेर माशांनी भरलेला समुद्र. मुख्य भूमीवर डून ना शेड आणि समोर शेर्किनवर त्याच घराण्याचं डून ना लाँग, म्हणजे 'जहाजांचा किल्ला'. दोन गढ्यांमध्ये नांगर टाकलेलं प्रत्येक जहाज मोजलं जात होतं. याला मी जकात नाका म्हणेन.

(अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचा या गावाशी संबंध जोडू नका. लॉर्ड बाल्टिमोर ही पदवी काउंटी लाँगफर्डमधल्या जहागिरीवरून आली.)

आता दुसरा प्रश्न. कराचे दर सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका सरकारी चौकशीत नोंदलेले आहेत. मासेमारीला आलेल्या जहाजामागे १९ शिलिंग २ पेन्स, म्हणजे पौंडाला फक्त १० पेन्स कमी. त्याशिवाय पीठ एक पिंप, मीठ एक पिंप, बिअरचं एक हॉग्सहेड, म्हणजे मोठं पिंप. प्रत्येक होडीकडून आठवड्यातून तीनदा मासे: बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी. हेच वार का? कॅथलिक घरात हे मांस न खाण्याचे दिवस, सरदाराच्या पंगतीला मासे त्याच दिवशी लागायचे. मासे किनाऱ्यावर वाळवायचे असतील तर खडक वापरल्याचे १३ शिलिंग वेगळे.

माझ्या आवडीचं कलम हॅलिबटचं आहे. हा चपटा मासा माणसाएवढाही वाढतो. तो जाळ्यात सापडला तर सरदाराला द्यायचा, बदल्यात लोण्याचा एक गोळा मिळायचा. चोवीस तास लपवून ठेवला तर दंड ४० शिलिंग. लोण्याचा गोळा आणि ४० शिलिंग या दोन आकड्यांतच कळतं की हा व्यवहार नव्हता, हक्क होता.

तांडेल२७

धन्यवाद, 'गढी' शब्दाने बरंच उलगडलं. पण मग १५३७ मध्ये वॉटरफर्ड शहराच्या लोकांनी एवढी फौज घेऊन चढाई का केली? नुसत्या नाक्यासाठी?

जंगी_ते_जंगी

नाकेदाराने मालच गिळला म्हणून. २० फेब्रुवारी १५३७ ला लिस्बनहून वॉटरफर्डच्या व्यापाऱ्यांसाठी वाइन घेऊन निघालेलं 'सांता मारिया दे सोसी' हे पोर्तुगीज जहाज वादळाने इकडे ढकललं गेलं. त्यावर १०० टन वाइन होती. हा 'टन' वजनाचा नव्हे, पिंपाचा: १ टन = २ पाइप = ४ हॉग्सहेड. सरदार फिनिन ओड्रिस्कॉलने जहाज सुखरूप आत आणून द्यायचे ३ पाइप ठरवले. २०० पाइपांतले तीन, म्हणजे दीड टक्का. वाटाड्याची ही मजुरी अजिबात जास्त नाही. पण नंतर जहाजावरच्या मंडळींना जेवायला गढीत बोलावलं, बेड्या घातल्या आणि वाइन वाटून घेतली.

वॉटरफर्डच्या लोकांनी आधी एक होडी पाठवून जहाज सोडवलं. मार्चअखेर ४०० माणसं तीन जहाजांतून आली. त्यांनी शेर्किनवरची गढी आणि फ्रान्सिस्कन मठ जाळला, बाल्टिमोर जाळलं, ३० वल्ह्यांचं मोठं गलबत पळवलं आणि पन्नासच्या आसपास छोट्या होड्या मोडल्या. खरा मार बसला तो होड्यांचा. भिंती पुन्हा उभ्या राहतात, पण होड्या गेल्या की वसुलीला समुद्रात जायचं कशाने?

मीठमोजणी

तिसऱ्या प्रश्नावर मी लिहितो, कारण 'पॅलेस' वाचून लोक राजवाडा शोधत फिरतात. फिश पॅलेस म्हणजे पिल्चर्ड खारवण्याचं आवार. पिल्चर्ड म्हणजे तारलीच्या कुळातला तेलकट मासा. थॉमस क्रूक या इंग्रजाने सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकात ओड्रिस्कॉलकडून जागा भाडेपट्ट्याने घेऊन इथे इंग्रज प्रोटेस्टंट वसाहत वसवली. तिचं पोट याच माशावर चालायचं. गिऱ्हाईक स्पेन आणि इटली, तेही मुख्यतः लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांसाठी. प्रोटेस्टंटांनी खारवायचं आणि कॅथलिकांनी उपासाला खायचं, धंद्याला धर्म आड येत नव्हता.

मोसम साधारण जुलै ते शरद. टेहळ्या टेकाडावर उभा. थवा आला की पाणी काळपट-लालसर दिसतं, वर पक्षी तुटून पडतात. टेहळ्या हातातल्या झुडपाच्या फांद्या हलवून होड्यांना दिशा दाखवतो. मोठी होडी जाळं सोडत थव्याभोवती वळसा घेते, दुसरी होडी मोकळं टोक धरून ठेवते. तत्त्व किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीचंच, फक्त वेढा पाण्यातच पूर्ण होतो. इथली चूक नेहमी एकच: वळसा घाईने आवळला तर खालची दोरी तळापासून उचलली जाते आणि सगळा थवा खालून निसटतो.

मासा आवारात आला की पोट न फाडता, अख्खा रचायचा. फरशीला नालीच्या दिशेने उतार दिलेला असतो. एक थर मीठ, एक थर मासे, डोकी बाहेरच्या बाजूला, अशी भिंतीलगत रास लावायची. ती तीन ते पाच आठवडे तशीच राहते. खारं पाणी आणि तेल नालीतून खड्ड्यात जमतं. मिठात कंजुषी केली की पहिल्या आठवड्यातच पोटं फुटतात. ही आतडी न काढलेली मासळी, कुजणं तिथूनच सुरू होतं, आणि मधला एक थर बिघडला तर खालचे सगळे थर त्याच्या पाण्यात भिजतात.

मग रास मोडून मासे धुवायचे आणि पिंपात गोल रचायचे, शेपट्या मध्यभागी. आता दाबणी. पिंपावर आतल्या व्यासापेक्षा किंचित लहान लाकडी चकती, तिच्यावर ठोकळा. भिंतीतल्या चौकोनी खोबणीत लांब वाशाचं एक टोक अडकवायचं, वासा ठोकळ्यावरून आडवा न्यायचा आणि मोकळ्या टोकाला दगड टांगायचे. साधी तरफ: टेकूपासून ठोकळा दोन हातांवर आणि दगड आठ हातांवर असेल तर दगडाच्या चौपट दाब पिंपावर. पिंपाच्या फळ्यांच्या फटींतून तेल झिरपतं. मासे खाली बसले की वर नवे भरायचे, पुन्हा दाबायचं, असं दोन-तीनदा. भरलेल्या हॉग्सहेडमध्ये २,५०० ते ३,००० मासे मावतात.

दाब एकदम टाकायचा नाही. पहिल्याच दिवशी सगळे दगड लटकवले तर वरच्या थराचा चुरा होतो आणि तो चुरा फटी बुजवतो, तेल आतच अडकतं. दाब कमी पडला तरी तेच. राहिलेलं तेल हवेने खवट होतं, मासा पिवळा-तांबूस पडतो. व्यापारी याला 'गंजलेला' मासा म्हणत आणि तो भूमध्य समुद्रापर्यंत टिकत नसे. निघालेलं तेल दिव्यांना आणि चामडं कमावायला जाई, म्हणजे दाबणीतून मासा टिकायचा आणि वर दुसरा माल मिळायचा.

मीठ बाहेरून यायचं, बहुतेक फ्रान्सच्या किनाऱ्यावरून. पिंपांच्या फळ्या मात्र इथल्याच ओकच्या. पश्चिम कॉर्कची जंगलं सतराव्या शतकात झपाट्याने उतरली त्यात लोखंडाच्या भट्ट्यांइतकाच पिंपांचाही हात आहे.

ओहोटीची_वेळ

आता त्या रात्रीबद्दल. तारीख वाचताना एक दुरुस्ती करा. २० जून ही जुन्या ज्युलियन पंचांगाची तारीख. आजच्या हिशेबाने ३० जून. वर्षातल्या सगळ्यात छोट्या रात्रींपैकी एक आणि पिल्चर्डचा मोसम तोंडावर. गावात माणसं भरपूर, आवारांत माल मात्र अजून नाही. चाच्यांचा म्होरक्या मुराद रईस, मूळचा डच यान यान्सझून, माल न्यायला आलाच नव्हता. त्याचा माल म्हणजे माणसं.

वाटेत त्याने डंगार्व्हनच्या मासेमारी होड्या पकडल्या. त्यांतल्या जॉन हॅकेटला वाट दाखवायला लावलं. आधीचा बेत किन्सेल या बंदराचा होता. तिथे गढी नव्हे, खरोखरचा तोफांचा किल्ला होता आणि राजाचं जहाजही, म्हणून बेत बदलून बाल्टिमोर ठरलं. जंगीरावांनी वर मांडलेला मुद्दा इथे सिद्ध होतो. आपल्या चर्चेत 'किल्ला' एकच शब्द आहे, पण ज्याला हल्ला करायचा होता त्याला दोन्हींतला फरक बरोबर कळत होता.

मोठी जहाजं तोंडाबाहेरच थांबली. माणसं होड्यांतून पहाटे दोनच्या सुमाराला 'कोव्ह' नावाच्या वस्तीत उतरली. ही वस्ती गढीखालच्या मुख्य गावापासून वेगळी, दक्षिणेला, बंदराच्या तोंडाजवळ. उजाडायला जेमतेम तास-दीड तास. घरांची गवताची छपरं पेटवली, दारं फोडली. बहुतेक माणसं तिथेच धरली गेली, त्यांत बायका-मुलं जास्त. मग टोळी मुख्य गावाकडे वळली, तेव्हा एका गावकऱ्याने बंदुकीचे बार काढले आणि कोणीतरी ढोल वाजवला. चाच्यांना वाटलं शिबंदी उठली. ते मागे फिरले. गढीतून प्रतिकार झाला म्हणून नव्हे, आवाज झाला म्हणून.

किन्सेलचं गस्तीचं जहाज 'फिफ्थ व्हेल्प' वेळेवर निघालं नाही. त्यावर शिधाच नव्हता. पंधरा वर्षांनी, १६४६ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटचा दूत एडमंड केसन अल्जिअर्सला खंडणी घेऊन गेला, तेव्हा बाल्टिमोरच्या फक्त दोन बायका सोडवता आल्या.

तांडेल२७

हॅकेट फितूर होता ना? आणि कॉपिंजरने गाव बळकावायला हल्ला घडवून आणला असंही वाचलं.

ओहोटीची_वेळ

हॅकेटला फाशी झाली, एवढं पक्कं. तो पकडलेल्या होडीवरचा माणूस होता, हेही पक्कं. मानेवर सुरी असताना दाखवलेली वाट आणि फितुरी यांत मी फरक करतो. त्या वेळच्या न्यायाधीशांनी केला नाही.

वॉल्टर कॉपिंजरचं म्हणाल, तर त्याचा या जमिनीवर दावा होता, वसाहतवाल्यांशी त्याची वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालू होती आणि गाव ओस पडून त्याचं बिघडणार काहीच नव्हतं. हेतू आहे, पुरावा नाही. मी ही गोष्ट इतिहासात धरत नाही.

बांगडा_बारा_आणे

चौथा प्रश्न माझा. वाचलेल्यांतले बरेच जण आयलेन नदीने वर स्किबरीनला सरकले. समुद्रावरून थेट चाल होणार नाही, एवढं आतलं गाव. इंग्रज सेनानी क्रॉमवेलच्या युद्धात गढीत त्याची शिबंदी बसली, पुढे ती पडझडीला लागली. पिल्चर्डने मात्र चाच्यांपेक्षा जास्त नुकसान केलं. आयर्लंड म्हणजे या माशाच्या वावराची उत्तरेकडची कड, पाणी थोडं गार झालं की थवे येतच नाहीत. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत धंदा आटोपला.

दुसरा डाव बांगड्याचा, म्हणजे अटलांटिकमधल्या मॅकरेलचा. फादर चार्ल्स डेव्हिस या धर्मगुरूंनी १८८० च्या सुमाराला बॅरोनेस बर्डेट-कूट्स यांच्याकडून १०,००० पौंडांचं बिनव्याजी कर्ज मिळवलं. ते मासेमारांना होड्या आणि जाळी घ्यायला दिलं आणि कर्जफेडही झाली. त्याआधी मोसमात मासा इथला, पण पकडणारी मोठी शिडं आइल ऑफ मॅन आणि कॉर्नवॉलची. १८८७ मध्ये मासेमारी शाळा उघडली. तिथे जाळी विणणं, होडी बांधणं, पिंप बांधणं, खारवणं शिकवत.

बांगड्याचं काम पिल्चर्डहून वेगळं. वसंतातला मासा ताजा, बर्फात घालून इंग्लंडला. बर्फ नॉर्वेहून जहाजाने यायचा आणि बंदरात उभ्या केलेल्या जुन्या जहाजांत साठवायचा. शरदातला मासा चरबीदार, तो खारवून अमेरिकेला. तो पोटाकडून नाही, पाठीकडून चिरायचा, म्हणजे पुस्तकासारखा उघडतो. आतडी आणि कल्ले काढायचे. मग पाणी बदलत धुवायचं, कण्याजवळचं रक्त निघेपर्यंत. तिथे रक्त राहिलं तर मांस लाल डागाळतं आणि माल खालच्या प्रतीत जातो. नंतर मीठ लावून पिंपात, मुरून खाली बसला की पिंप पुन्हा भरायचं आणि वरपर्यंत खारं पाणी ओतायचं. पाणी कमी झालं की वरचा थर हवेला लागून पिवळा. मीठमोजणींनी सांगितलेला गंज तो हाच.

रेल्वे याच धंद्यासाठी. स्किबरीनपासूनचा फाटा १८९३ मध्ये धक्क्यापर्यंत आला. ताजा मासा दिवसात कॉर्कला पोचला तरच त्याला भाव, नाहीतर खारवणीच्या दराने विकायचा. फाटा १९६१ मध्ये बंद झाला. शाळा त्याआधीच, १९५० मध्ये. पण तिच्या आवारात १९२२ मध्ये 'सीरशा' ही ४२ फुटी शिडाची होडी बांधली गेली, जिच्यातून कॉनर ओब्रायन १९२३ ते १९२५ मध्ये जगाला वळसा घालून आला. १९२६ मध्ये तिथेच ५६ फुटी 'आयलेन' तयार झाली, फॉकलंड बेटांसाठी.

तांडेल२७

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. दाबणीच्या वाशाच्या खोबणी आजही पडक्या भिंतींत दिसतात का? तुळयांच्या भोकांपासून त्या वेगळ्या ओळखायच्या कशा?

मीठमोजणी

पश्चिम कॉर्क आणि केरीच्या किनाऱ्यावर अशा खोबणींच्या रांगा आहेत, कुठे बांधीव भिंतीत तर कुठे सरळ खडकात कोरलेल्या. ओळखायची रीत अशी. समोरच्या भिंतीवर त्याच उंचीला भोकं आहेत का ते आधी पाहा. तुळईला दोन्ही टोकांना आधार लागतो, त्यामुळे तिची भोकं समोरासमोर जोडीने येतात. वाशाचं एकच टोक भिंतीत, दुसऱ्याला दगड, म्हणून दाबणीची रांग एकाच भिंतीवर असते. दुसरं, उंची. पिंप, चकती आणि ठोकळा यांच्या बेरजेच्या आसपास, म्हणजे जमिनीपासून कमरेच्या थोडं वर. मजल्याच्या तुळया डोक्यावर असतात. तिसरं, झीज. वासा टोकाशी वर रेटतो, म्हणून खोबणीची वरची कड गुळगुळीत झालेली किंवा तिथे मुद्दाम मजबूत लांब दगड घातलेला सापडतो. तुळईचं वजन खाली येतं, तिथे खालची कड झिजते.

आणि नकाशात 'पॅलेस' किंवा 'पॅलिस' दिसलं की लगेच मासे आठवू नका. आयरिशमध्ये 'पॅलिश' म्हणजे मेढेकोटाचं आवार, ती गावं समुद्रापासून मैलोन् मैल आतही आहेत. नाव आणि नाली असलेली उतरती फरशी दोन्ही एकत्र सापडली तरच ते आवार खारवणीचं.